आधी एसएमपीएस, मग बाकीचं

सर्व्हरच्या पार्टांची यादी लोक प्रोसेसरपासून लिहायला घेतात. माझी एसएमपीएसपासून, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यापासून सुरू झाली. नागपूरच्या महाल भागात माझं इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे, सोबत जमतील तसे कम्प्युटरही पाहतो. दुकानात जे मेलेलं येतं त्यात प्रोसेसर जवळपास नसतोच. मरतो तो वीजपुरवठा. त्याच्या मागे हार्ड डिस्क, मग पंखे, मग बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणाऱ्या छोट्या डब्या. जे आधी मरतं त्याच्यावर आधी पैसे टाकायचे, एवढाच माझा हिशोब.

सर्व्हर भाचीच्या कामासाठी. ती लग्नाचे फोटो काढते. एका लग्नाचे रॉ फोटो (कॅमेऱ्यातून जसेच्या तसे निघालेले) आणि व्हिडिओ धरले तर दीड-दोनशे जीबी सहज होतात. हे सगळं आजवर पोर्टेबल डिस्कांवर होतं आणि त्या डिस्का कपाटात साड्यांच्या खाली. "मामा, क्लाउडचं भाडं दर महिन्याला भरत बसण्यापेक्षा घरीच काही होत नाही का?" होतं की. माझ्या दुकानाची बिलं अन् सर्व्हिसच्या नोंदी त्यातच जातील, घरच्यांचे मोबाइलमधले फोटो जातील. काम तसं हलकंच. फाइली सांभाळायच्या, मागितल्या की द्यायच्या, आणि बारा महिने चोवीस तास चालू राहायचं. गोम त्या शेवटच्या अटीत आहे.

कारण बारा महिन्यांत मे महिनाही येतो. नागपुरात तेव्हा पारा ४५-४६ ला जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंतीला हात लावला की गरम लागते. एसी चोवीस तास लावायची आपली ऐपत नाही, आणि डब्यासाठी लावायची इच्छा तर अजिबात नाही. सर्व्हर जिथं ठेवला त्या मधल्या खोलीत दुपारी ३८ ते ४० असतं. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या २२-२५ अंशांच्या खोलीत बसलेल्या लोकांनी लिहिलेल्या असतात. त्या तशाच्या तशा उचलल्या की मग आमच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं.

आता एसएमपीएस. बाजारात सहा-सातशे रुपयांना "४५० वॅट" लिहिलेला डबा मिळतो. तो हातात घेतला की वजनावरूनच कळतं. उघडला तर आणखी कळतं: जिथं वीज आत येते तिथं विजेतला गोंगाट गाळणारी कॉइल असायला पाहिजे, बोर्डावर तिची जागा छापलेलीही असते, पण कॉइलऐवजी तिथं दोन उघड्या तारेचे जम्पर टाकलेले असतात. उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक म्हणजे पातळ पत्रा. आणि कपॅसिटरवर बारीक अक्षरात ८५ अंश.

हा आकडा पाहायची सवय लावून घ्या. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर तापमान लिहिलेलं असतं, ८५ किंवा १०५. त्या तापमानाला तो किती तास टिकेल ते कंपनीच्या तक्त्यात असतं, साध्या मालात २,००० तास. ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. उन्हाळ्यात खोली चाळीसला, डब्याच्या आतली हवा त्याहून वर, कपॅसिटर स्वतः थोडा तापणार, म्हणून ७५ धरू. १०५ वाला तीन पायऱ्या खाली आहे, म्हणजे १६,००० तास, अखंड चालवला तर जवळपास पावणेदोन वर्षं. ८५ वाला एकच पायरी खाली: ४,००० तास, साडेपाच महिने. त्या दिवशी तो फुटतो असं नाही. ताकद कमी होत जाते, बारा व्होल्टच्या लाइनीवर लहरी वाढतात, मशीन कधीतरी उगाचच रीस्टार्ट होतं आणि लोक मशीन चालवणाऱ्या सिस्टिमला, म्हणजे लिनक्सला, शिव्या देतात.

म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, १०५ अंशांच्या कपॅसिटरचा, पाच वर्षं वॉरंटीचा ४५० वॅटचा ब्राँझ घेतला. गोल्ड का नाही? ब्राँझ, गोल्ड, टायटेनियम हे ८० प्लसचे दर्जे, एसएमपीएस किती कमी वीज वाया घालवतो त्यावर मिळणारे. त्याची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, १० टक्क्यांवरचा आकडा टायटेनियमला लागतो, गोल्डला नाही. माझं मशीन भिंतीतून ३० वॅट ओढतं, म्हणजे सात टक्केसुद्धा नाही. तिथं गोल्डचं स्टिकर काहीच वचन देत नाही. "६५० वॅटचा घ्या, पुढे कामाला येईल" असं दुकानदार म्हणतोच. त्याला मान डोलवायची आणि छोटाच घ्यायचा.

पुढचं यूपीएस, आणि इथं मी जरा रेंगाळणार, कारण पोटापाण्याचा विषय आहे. घरी इन्व्हर्टर असतोच, मग यूपीएस कशाला, हा प्रश्न मला दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतं. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो. मागच्या बाजूला यूपीएस मोडचा खटका असेल तर दहाएक मिलिसेकंद, साध्या मोडवर त्याहून बराच जास्त. एसएमपीएस आपल्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरवर हा खड्डा ओलांडतो. एटीएक्सच्या, म्हणजे कम्प्युटरच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मापाच्या, हिशोबात ही क्षमता साधारण १६-१७ मिलिसेकंदांची असते, पण ती जवळपास पूर्ण लोडची गोष्ट. साठलेली ऊर्जा तेवढीच आणि ओढणारा ३० वॅटचा, तर तोच कपॅसिटर शंभर-दोनशे मिलिसेकंद तग धरतो. मी खटका मारून मारून पाहिलं, मशीन ढिम्म हललं नाही. बारक्या सर्व्हरचा हा फायदा कोणी सांगत नाही.

तरी यूपीएस घेतलाच. एक तर इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला काही सांगत नाही, नुसता टुक्क करून बंद होतो. यूपीएसला यूएसबीचं पोर्ट असेल तर नट नावाच्या प्रोग्रामला बॅटरीची खबर मिळते आणि मशीन रीतसर बंद होतं. हे पोर्ट आहे की नाही ते विकत घेण्याआधी पाहा. स्वस्त ६०० व्हीए मॉडेलांत ते बहुतेक नसतंच, किंवा नुसतं मोबाइल चार्ज करायला दिलेलं असतं. दुसरं, घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला (गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर त्याच्यामागे यूपीएस लावण्यात अर्थ नाही. पुष्कळ यूपीएसना ती वीज खराब वाटते, ते पुन्हा आपल्या बॅटरीवर जातात, आणि इन्व्हर्टर चालू असूनही यूपीएस ओरडत ओरडत संपतो. "यूपीएस खराब आहे" म्हणून असे कितीतरी लोक घेऊन येतात. यूपीएस चांगलाच असतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच जोडी जमते.

आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची, सीलबंद लेड-ॲसिड. तिचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि वर दर दहा अंशांना निम्मं होतं. त्यामुळे यूपीएस सर्व्हरच्या डोक्यावर ठेवू नका, खाली थंड फरशीवर ठेवा. बॅटरी कोणत्याही दुकानात मिळणारी असावी. कंपनीच्या खास खोक्यातली असेल तर ते मॉडेल सोडून द्या.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत, "वीज परत आली की सुरू हो" ही सेटिंग असते, ती चालू करा. घरी कोणी नसताना लाइन गेली-आली तर बटण दाबायला कोण जाईल? बोर्ड घेताना ही सेटिंग आहे का, हे माहितीपुस्तकात पाहून घेतलं होतं.

आणि वीज पडण्याचं. मृगाच्या आधीच्या वादळात आमच्याकडे नेटवर्क कार्डांची रांग लागायची, तेव्हा केबलवाल्याची तांब्याची तार गच्चीवरून यायची. आता फायबर काचेचा आहे, त्यातून वीज येत नाही. पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची किंवा शेजाऱ्याला दिलेली लॅनची तार सर्व्हरच्या स्विचला जोडू नका.

आता डिस्क. सगळ्यात जास्त पैसे इथं गेले, अर्ध्याच्या आसपास. ४ टीबीच्या दोन, नास प्रकारातल्या (सतत चालू राहून फाइली सांभाळणाऱ्या मशीनसाठीच्या), हळू फिरणाऱ्या. दोन्हींवर तोच डेटा. नास प्रकारातल्याच का? एसएमआर नावाची एक रीत आहे, तिच्यात डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण एक पट्टा बदलायचा तर त्यावर चढलेले सगळे पुन्हा लिहावे लागतात. एरवी कळत नाही. पण दोनातली एक डिस्क मेली आणि नवीवर सगळा डेटा उतरवायचा झाला की गाडी रांगायला लागते, आणि नेमक्या त्याच वेळी उरलेल्या एकुलत्या डिस्कवर सगळा भार असतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्का न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर सीएमआरवाल्यांना, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्यांना, रेड प्लस हे नाव आलं. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत, साध्या बाराकुडात बऱ्याच एसएमआर. खोक्यावर लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या तक्त्यात पाहावं लागतं. दुकानदाराला विचारू नका. "सगळ्या सारख्याच आहे भाऊ" हे उत्तर मी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ऐकलेलं आहे.

दोन्ही डिस्का वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या, म्हणजे एकाच लॉटच्या निघू नयेत. घरी आणल्यावर पहिलं काम बॅडब्लॉक्स: पूर्ण डिस्क लिहायची, वाचायची. ४ टीबीला दिवस मोडतो, पण रडायचं असेल तर तिनं बदलून मिळण्याच्या मुदतीत रडावं.

उष्णतेचं म्हणाल तर डिस्क वाटते त्यापेक्षा चिवट असते. रेड प्लसच्या डेटाशीटवर चालण्याची मर्यादा ६५ अंश आहे. २००७ मध्ये गूगलच्या लोकांनी आपल्या हजारो डिस्कांचा अभ्यास छापला, त्यात तापमान आणि मरण यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही असं निघालं. फक्त फार वरच्या तापमानाला आणि वय झालेल्या डिस्कांत तो दिसला. म्हणजे आपल्यासारख्यांतच. माझ्या डिस्का मेमध्ये दुपारी ४८-४९ दाखवतात. डिस्कची तब्येत पाहणाऱ्या स्मार्टडी या प्रोग्रामला सांगून ठेवलंय: ५० ला नोंद कर, ५५ ला मला मेल टाक. मेल आला की भाचीचा एक्सपोर्ट थांबवायचा आणि खोलीचं दार उघडायचं.

प्रोसेसरकडे आता आलो, आणि भराभर सांगतो. इंटेलचा एन१०० सगळ्यांना आवडतो: चार कोर, ६ वॅट, पंख्याशिवाय चालतो. चांगलाच आहे. पण ते ६ वॅट प्रोसेसरचे. फिरत्या दोन डिस्का आपले सात-आठ वॅट ओढणारच, बोर्ड आणि एसएमपीएस आपले. इंटेलच्याच आय३-१२१०० शी तुलना केली तर फरक दहाएक वॅटचा. दहा वॅट वर्षभर म्हणजे ८८ युनिट. सोपं जावं म्हणून दहा रुपये युनिट धरा, वर्षाचे ८८० रुपये. त्या बदल्यात मला मिळतो साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, डिस्क जोडायचे चार साटा पोर्ट, आणि मेला तर त्याच दिवशी बर्डीतून दुसरा. एन१०० चे बोर्ड ऑनलाइन मागवावे लागतात, आणि मे महिन्यात कुरिअरची वाट पाहत बसायची माझी तयारी नाही. म्हणून १२१००, एच६१० चिपसेटचा बोर्ड.

एक सावधगिरी. दुकानात मला आधी १२१००एफ दाखवला. "हजार-दीड हजार वाचते ना भाऊ." त्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही. मग वेगळं कार्ड टाका, ते वीज खाणार, गरम होणार. आणि व्हिडिओ मोबाइलला झेपेल तसा करून द्यायचं काम जो भाग करतो तोही त्या ग्राफिक्ससोबत जातो. बिना एफचाच घ्या. मी घेतला तेव्हा काउंटरवरचा पोट्टा म्हणाला, "गेमिंग नाही करत तं एवढी चौकशी काहून करून राहिले?"

ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम, पाहिजे होती का? पाहिजे होती. इंटेलमध्ये त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो, त्याची किंमत ऐकून मी चहा मागवला. एएमडीचा रायझन प्रो ४६५०जी हा आपल्याकडे सुटा मिळणारा सरळ मार्ग, बोर्ड मात्र ईसीसी मानणारा पाहिजे. पण अशा बोर्डांत चालणारी अनबफर्ड प्रकारची ईसीसीची कांडी नागपुरात शोधून दाखवा. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त ईसीसी कांड्या रजिस्टर्ड असतात, त्या या बोर्डांत चालत नाहीत, फसू नका. मी साधी १६ जीबी डीडीआर४ घेतली आणि रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवला. फाइलसिस्टिम बीटीआरएफएस, दोन डिस्कांची रेड१ (दोन्हींवर तोच डेटा ठेवायची रीत, वरच्या रेड मालिकेशी संबंध नाही), महिन्यातून एकदा स्क्रब. तो प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते सांगणारा आकडा, तपासतो, एका डिस्कवर बिघडलेला सापडला की दुसरीवरून दुरुस्त करतो. याच फाइलसिस्टिमच्या रेड५-६ च्या (जास्त डिस्कांवर डेटा वाटून ठेवायच्या रीतींच्या) वाटेला जाऊ नका, तिथं काम अजून कच्चं आहे. सिस्टिमसाठी वेगळा छोटा एसएसडी, त्यावर डेबियन लिनक्स. डेबियन का, तर तो मला त्रास देत नाही.

आणखी एक रस्ता आहे आणि कित्येकांनी तोच धरावा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक मशीनांना विंडोज ११ रीतसर घेत नाही, म्हणून ऑफिसांतून धडधाकट डबे निघून राहिले. लिनक्सला त्याचं काही वाटत नाही. जाहिराती अडवायच्या, थोड्या फाइली ठेवायच्या एवढंच काम असेल तर असा एक छोटा डबा आणि एक एसएसडी घ्या, हा सगळा लेख विसरा. मी घेतला नाही कारण छोट्यांत दोन मोठ्या डिस्का बसत नाहीत, आणि जरा मोठे असतात त्यांचा एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचा, खास पिनांचा. तो गेला की भंगारात त्याचाच भाऊ शोधत फिरा.

कॅबिनेट: पुढे जाळी, जाळीमागे धुऊन घेता येईल असा फिल्टर, डिस्कांसमोर १२० एमएमचा एक पंखा. काचेचं तोंड असलेलं, आत रंगीत दिव्यांचं देवघर मांडलेलं कॅबिनेट आपल्या हवेत घेऊ नका. जमिनीपासून दीड फूट वर ठेवलं, केर तिथवर कमी पोचतो. कूलरच्या थेट झोतात ठेवायचा मोह होतो, टाळा. ती हवा थंड असते पण ओली असते, आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर ताट्यांवर बसतो तसा थोडा इकडेही येऊन बसतो. मागच्या मोकळ्या पट्ट्या, जिथं कार्ड लावतात त्या, बंद असल्याची खात्री करा. पालींना ऊब आवडते. एसएमपीएसमधून वाळलेली पाल काढण्याचं काम पावसाळ्याच्या तोंडाशी ठरलेलं असतं. मी भोकांवर खिडकीची मच्छरदाणी लावली नाही, तिनं हवा अडते, त्यापेक्षा जरा मोठ्या छिद्रांची स्टीलची जाळी लावली.

साटाच्या पॉवरचे मोल्ड केलेले स्प्लिटर, ज्यांत तारा प्लॅस्टिकमध्ये ओतलेल्या असतात, ते अजिबात नको. आत तारा एकमेकींना लागतात आणि जळतात. एसएमपीएसला स्वतःचे पुरेसे कनेक्टर आहेत का हे मोजूनच घ्या.

दोन डिस्का म्हणजे बॅकअप नव्हे, हे भाचीला समजवायला वेळ लागला. "दोन ठिकाणी आहे ना मामा?" आहे, पण तू चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून एकदमच जाईल. म्हणून तिच्या जुन्या पोर्टेबल डिस्कांतल्या चांगल्या निवडून त्यांवर दर रविवारी रात्री प्रत उतरते, आणि सोमवारी मी ती डिस्क दुकानात नेतो. दुकान आणि घर एकाच वेळी जळायचं तर मग फोटोंची काळजी कोण करणार.

रॅम दुप्पट करायचा विचार होता, पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की तो सोडून दिला. १६ मध्ये सगळं आरामात चालतंय. आता तिचं नवीन सुरू झालंय की डिस्का ८ टीबीच्या का नाही घेतल्या, लग्नसराई तोंडावर आहे. मी म्हटलं, फोटो दिल्यावर रॉ फाइली किती वर्षं सांभाळायच्या ते आधी गिऱ्हाइकांशी ठरव, कागदावर घे, मग डिस्कचं बोलू.